पांढरीतील निधी आणि खणण्याचा परवाना

जमिनीत पुरलेली वस्तू सापडली तर ती कोणाची आणि ती शोधण्यासाठी जमीन खणण्याचा अधिकार कोणाला, हे दोन प्रश्न या देशात दोन हजार वर्षांपासून विचारले जात आले आहेत. परंतु ती वस्तू जमिनीत नेमकी कोठे, किती खोलीवर आणि कशाच्या सोबतीने पडली होती, हा तिसरा प्रश्न रीतसर विचारला जाण्यासाठी महाराष्ट्राला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबावे लागले. पहिल्या दोन प्रश्नांचा इतिहास हा राजसत्तेचा आणि कायद्याचा इतिहास आहे, तर तिसऱ्याचा इतिहास हा ज्ञानाचा आहे. हातात धरून जमिनीवरून फिरवता येणारी धातुशोधक यंत्रे, म्हणजेच मेटल डिटेक्टर, आता कोणालाही विकत घेता येत असल्याने गावचे मैदान, सार्वजनिक बाग, गायरान किंवा किल्ल्याचा उतार अशा सर्वांच्या मालकीच्या जमिनींवर हे तिन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात. पन्हाळा तालुक्यातील कोडोली आणि तिच्याभोवतीचा वारणा व पंचगंगा या नद्यांमधला टापू या प्रश्नांच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे, कारण याच परिसरात, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, जमिनीतून निघालेल्या धनाची आणि जमिनीतून वाचलेल्या इतिहासाची अशी दोन्ही उदाहरणे एकाच मातीत शेजारी शेजारी सापडतात.

काळी आणि पांढरी

मराठी मुलखात गावाची जमीन परंपरेने दोन नावांनी ओळखली जाते. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. पांढरीला हे नाव तिच्या रंगावरून मिळाले, कारण एकाच जागी शेकडो वर्षे माणसांची वस्ती राहिली की चुलीची राख, जनावरांचे शेण, पडलेल्या भिंतींची माती, चुना आणि खापरे यांचे थरावर थर साचत जातात, जागा आजूबाजूच्या शेतापेक्षा उंच होते आणि तिची माती भुरकट, राखाडी दिसू लागते. हा शब्द पुढे इतका रुजला की गावातील समस्त रहिवाशांनाही पांढरी म्हटले जाऊ लागले. रोगराई, पूर किंवा लढाई यांमुळे गाव उठून दुसरीकडे वसले, तरी जुनी पांढरी टेकाडाच्या रूपाने मागे राहते, आणि पुरातत्त्वज्ञ ज्याला प्राचीन वसाहतीचे स्थळ म्हणतात ते महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हे असे पांढरीचे टेकाडच असते.

या टेकाडांचे खोदकाम धनाच्या लोभाने सुरू झाले, असे मात्र नाही. पांढरीची माती कसदार असते, म्हणून शेतकरी ती गाड्या भरून रानात टाकत आले, आणि देशावरील कोरड्या भागात माळवदाच्या घरांच्या धाब्यावर घालण्यासाठीही तिचा उपयोग होत आला. अशा नित्याच्या खोदकामात कधी खापरे, कधी मणी, कधी बांगड्यांचे तुकडे, तर कधी 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपती' ही अक्षरे असलेली तांब्याची शिवराई हाती लागे. शिवराई हे मराठेशाहीतील रोजच्या व्यवहाराचे नाणे होते आणि अशी नाणी सापडण्यात गावाला फारसे नवल वाटत नसे. नवल वाटे ते मडक्याचे किंवा हंड्याचे. पेढीची सोय नसलेल्या आणि स्वारीचे भय असलेल्या काळात दागिने व नाणी मडक्यात घालून चुलीजवळ, देवघराखाली किंवा गोठ्यात पुरून ठेवणे हा घरोघरचा व्यवहार होता. पुरणारा माणूस ठिकाण न सांगताच मरण पावला किंवा परागंदा झाला की ते मडके जमिनीतच राहून जाई.

या शक्यतेभोवती गुप्तधनाची एक मोठी श्रद्धासृष्टी उभी राहिली. पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले असता त्याला जमिनीतील धन दिसते. त्या धनावर भुजंग राखणीला बसलेला असतो. ते धन काढण्यापूर्वी बळी द्यावा लागतो, अशा समजुती महाराष्ट्रभर आढळतात. या समजुतींनी माणसांचे जीव घेतलेले असल्यामुळेच राज्याने २०१३ मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात मौल्यवान वस्तू व गुप्तधन यांच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा अपराध म्हणून स्पष्ट समावेश करण्यात आला आहे. महाराष्ट्रातील खणण्याच्या इतिहासाची ही काळोखी बाजू असून यंत्राच्या साहाय्याने घेतल्या जाणाऱ्या आजच्या शोधाचा विचार करतानाही तिचा विसर पडणे योग्य नाही, कारण साधन बदलले तरी हंड्याची ओढ तीच राहते.

निधी कोणाचा?

जुन्या धर्मशास्त्रात जमिनीत पुरलेल्या, मालक ठाऊक नसलेल्या धनाला निधी म्हणतात, आणि विश्वासाने कोणाकडे सोपवलेल्या ठेवीला निक्षेप. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निधीची खबर देणाऱ्याला त्याचा सहावा हिस्सा आणि तो राजसेवक असेल तर बारावा हिस्सा द्यावा असा नियम आहे. एक लाखाहून मोठा निधी राजाचा मानला आहे, आणि तो आपल्या पूर्वजांचा असल्याचे कोणी सिद्ध केल्यास तो त्याला द्यावा असेही सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही निधी सापडल्याचे राजाला कळवणे हे सापडणाऱ्याचे कर्तव्य ठरवले असून जो कळवत नाही आणि नंतर उघडकीस येतो, त्याच्याकडून निधी काढून घेऊन वर दंड करावा असे म्हटले आहे. या स्मृतीवरील मिताक्षरा ही विज्ञानेश्वराची टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, विक्रमादित्य सहावा याच्या काळात लिहिली गेली, आणि कोल्हापूर-पन्हाळ्याच्या परिसरावर त्या वेळी सत्ता चालवणारे शिलाहार हे त्याच चालुक्यांचे मांडलिक होते. त्यामुळे सापडणाऱ्याला सहावा हिस्सा देऊन उरलेला निधी राजाने घ्यावा, हा मिताक्षरेतील निर्णय या भूमीला दूरच्या ग्रंथातला राहत नाही. तो तिच्याच राजकीय परिसरात घडलेला आहे.

राजाचा हा हक्क राजा दुसऱ्याला देऊही शकत असे. जमीन इनाम देताना ताम्रपटांत आणि पुढे मराठेशाहीच्या सनदांत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण यांच्या जोडीने 'निधि-निक्षेप' हे शब्द येतात. अशी जमीन मिळालेल्या इनामदाराला पाणी, झाडे, गवत आणि दगड यांच्याप्रमाणेच जमिनीत पुरलेल्या धनावरही अधिकार मिळे. ज्या सनदेत हे शब्द नसत तेथे तो अधिकार राज्याकडेच राही. तोरणा किल्ल्याच्या दुरुस्तीत सापडलेले धन शिवाजी महाराजांनी राजगडाच्या उभारणीस लावले, ही परंपरेने सांगितली जाणारी हकीकतही याच तत्त्वावर उभी आहे. या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट समान आहे. निधीचे मोल धातूच्या वजनात मोजले जाते आणि वाद असतो तो वाटणीचा. मडके ज्या मातीत होते त्या मातीला या हिशेबात कोठेही जागा नाही.

ब्रह्मपुरीच्या टेकडीची साक्ष

कोल्हापूर शहराच्या पश्चिमेस पंचगंगेच्या काठावर असलेली ब्रह्मपुरी ही टेकडी म्हणजे शहराची सर्वांत जुनी पांढरी होय. १८७७ च्या सुमारास येथे शिशाची काही नाणी सापडली आणि ती पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या अभ्यासात आली. सोन्याच्या शोधात निघालेला माणूस शिशाचे नाणे फेकूनच देईल. वितळवले तरी त्याला मोल नाही. परंतु भगवानलालांनी ती बारकाईने न्याहाळली, तेव्हा एका बाजूला कमानींचा पर्वत आणि वृक्ष, दुसऱ्या बाजूला बाण लावलेले धनुष्य, आणि कडेने ब्राह्मी अक्षरांत वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर या आईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजांची नावे वाचता आली. त्यांतील काही नाण्यांवर एका राजाच्या ठशावर दुसऱ्या राजाचा ठसा मारलेला होता. जुन्या नाण्यावर नवा ठसा मारणारा राजा हा नंतरचा असणार, या साध्या तर्काने तिघांचा क्रम लागला, आणि ज्यांच्याविषयी कोणत्याही ग्रंथात सलग हकीकत मिळत नाही असे कुर घराणे इतिहासात उभे राहिले. टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने दुसऱ्या शतकात उल्लेखिलेला बालेओकुरोस हा राजा याच घराण्यातील असावा, असे मत पुढे मांडले गेले. त्याच सुमारास, १८८० च्या आसपास, कोल्हापूर शहरातील एका स्तूपाच्या अवशेषांत बौद्ध अस्थिकरंडकाची दगडी पेटी मिळाली. तिच्या झाकणावरील ब्राह्मी लेखात ती बम्ह याचे दान असून धम्मगुत्ताने करवून घेतल्याचे नोंदलेले आहे.

सर्वांत गाजलेला शोध १९४४-४५ मधला. राजाराम कॉलेजातील प्राध्यापक के. जी. कुंदणगार हे कोल्हापूर संस्थानातील शिलालेखांचे अभ्यासक होते. त्यांनी ब्रह्मपुरीवर केलेल्या खोदकामात ब्राँझच्या वस्तूंचा एक मोठा संचय मिळाला, आणि अभ्यासकांत तो आजही 'कुंदणगार संचय' या नावाने ओळखला जातो. त्यात गजारूढ स्वारांसारख्या देशी घडणीच्या वस्तूंबरोबर भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरून आलेल्या काही वस्तूही होत्या. त्यांपैकी पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची मूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. मूर्ती वीतभरही उंच नाही. देव विवस्त्र उभा आहे, शरीराचा भार एका पायावर टाकलेला आहे, एक हात उंचावलेला आहे, पण त्या हातातला त्रिशूळ आज उरलेला नाही. सह्याद्रीच्या पलीकडील बंदरांत उतरलेला माल घाटवाटांनी कोल्हापुरापर्यंत येत होता, हे या वीतभर धातूने जितक्या स्पष्टपणे सांगितले तितके क्वचितच कोणी सांगितले असेल.

तथापि याच संचयाने तिसऱ्या प्रश्नाची निकडही दाखवून दिली. वस्तू हाती आल्या, पण त्या ज्या थरात होत्या त्या थराची, वरच्या-खालच्या थरांशी त्याच्या असलेल्या संबंधाची नोंद पुरेशी नव्हती. त्यामुळे त्यांच्या काळाविषयीची चर्चा मुख्यतः घडणीच्या शैलीवरून करावी लागली, आणि कार्ल खंडालावाला यांच्यासारख्या जाणकारांना पुढे कित्येक वर्षांनी हा संचय पुन्हा तपासायला घ्यावा लागला. ही उणीव भरून काढण्याचे काम १९४५-४६ च्या हंगामात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननाने केले. उत्खनन या शब्दाचा शास्त्रीय अर्थ केवळ खणणे एवढाच नाही. ठरावीक मापाचा चौकोनी चर आखून, माती एकेका थराने उचलून, प्रत्येक थरातील वस्तू वेगळी ठेवून, चराच्या उभ्या भिंतीवर दिसणाऱ्या थरांचा नकाशा काढत खाली जाणे म्हणजे उत्खनन. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ मध्ये तक्षशिलेच्या प्रशिक्षणवर्गात भारतीय अभ्यासकांना ही पद्धत शिकवली, आणि १९४५ मध्ये त्यांनीच पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे रोमन व्यापाराचे पुरावे थरांसह उजेडात आणले.

ब्रह्मपुरीच्या चरांत खालच्या थरात सातवाहनकाळातील विटांच्या घरांचे अवशेष आणि त्या काळची नाणी, त्याच्या वर शिलाहारकाळ आणि सर्वांत वर बहमनीकाळ असा क्रम मिळाला. मणी आणि काच हा दीक्षितांचा खास अभ्यासविषय असल्यामुळे बहमनी थरांतील रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडेही नीट वेचले गेले आणि कोल्हापूरच्या या भागात काचकाम होत होते हे कळले. या उत्खननाचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुंदणगार संचयातील परदेशी वस्तूंना इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत बसवण्याचा भरवसा मिळाला तो मूर्तीकडे अधिक निरखून पाहिल्यामुळे नव्हे. त्याच टेकडीची माती थराथराने वाचली गेल्यामुळे तो मिळाला. महाराष्ट्रातील खोदकामाच्या इतिहासात ब्रह्मपुरीचे खरे महत्त्व येथे आहे, की धन सापडणे आणि इतिहास सापडणे या दोन घटना तेथे एक-दोन वर्षांच्या अंतराने घडल्या आणि दोहोंतील फरक लोकांना डोळ्यांनी पाहता आला.

हा फरक दुरुस्त न होण्याइतका मोठा ठरू शकतो, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथील उदाहरणावरून दिसते. प्रवरेच्या काठावरील या टेकाडावर १९७४ मध्ये एका स्थानिक रहिवाशाला झाडाची मुळे खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोहून अधिक आहे आणि घडण अशी की भारतीय कलेच्या इतिहासात त्यांना तोड नाही. नंतर तेथे सविस्तर उत्खनन झाले, अनेक अभ्यासकांनी त्या वस्तू उत्तर हडप्पाकालीन ठरवल्या. परंतु त्या मूळ जागी कोणत्या थरात होत्या हे कोणी पाहिले नसल्यामुळे त्यांच्या काळाविषयीची शंका पूर्णपणे मिटली नाही. सापडणाऱ्याचा यात दोष नाही. खापरे आणि राख यांनाही मोल असते हे त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

१८७८ चा कायदा

इंग्रजी अमदानीत निधीचा प्रश्न इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, म्हणजे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ या कायद्याने सोडवला गेला आणि तोच आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या वस्तूत दडवलेली कोणतीही मौल्यवान चीज म्हणजे निधी, अशी त्याची व्याख्या आहे. असा निधी दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर सापडणाऱ्याने त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, ठिकाण आणि सापडल्याची तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायची आणि निधी सरकारी खजिन्यात जमा करायचा किंवा मागितल्यावर हजर करण्याची हमी द्यायची. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावेदारांना बोलावतात, आणि चौकशीची तारीख सूचनेनंतर चार महिन्यांच्या आत किंवा सहा महिन्यांच्या पुढे ठेवता येत नाही. शंभर वर्षांच्या आत हा निधी कोणी पुरला असून त्याचा वारस हजर आहे असे वाटल्यास प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जाते. मालक नाही असे ठरले आणि दुसरा कोणी हक्क सांगत नसला तर निधी सापडणाऱ्याला मिळतो. जमिनीच्या मालकाने हक्क सांगितला आणि दोघांत करार नसला तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला जातो. सरकारला तो हवा असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम देऊन घेता येतो. खबर न देणाऱ्याचा हिस्सा मात्र सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जमिनीत सापडेल ते सगळे सरकार घेते, या गावोगावच्या समजाशी ही तरतूद ताडून पाहिली पाहिजे. सहाव्या हिश्श्याच्या जुन्या नियमापेक्षा १८७८ चा कायदा सापडणाऱ्याला कितीतरी अधिक देतो. पण लोकांना तो ठाऊक नसल्यामुळे नाणी रातोरात सोनाराच्या मुशीत जातात आणि वितळलेल्या धातूबरोबर राजाचे नाव, टांकसाळ आणि काळ हे सर्व नाहीसे होते. दुसरी गोष्ट अशी की हा कायदा ब्रिटिश मुलखाचा होता. कोल्हापूर हे संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तोपर्यंत ब्रह्मपुरीवर काय खणावे आणि सापडलेले कोठे ठेवावे हे संस्थानच्या दरबारावर अवलंबून होते. ब्रह्मपुरीच्या वस्तू कोल्हापूरबाहेर न जाता १९४६ मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालयात राहिल्या, आणि ते संग्रहालय पुढे १८७० च्या दशकात चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या टाउन हॉलमध्ये आले, ही संस्थानकाळाच्या अखेरीची मोठी देणगी मानली पाहिजे.

परवाना कशाचा?

१८७८ च्या कायद्यात खणण्याच्या परवानगीचा विचार नाही. तो फक्त सापडल्यानंतर काय करायचे ते सांगतो. खणण्यावर खरे नियंत्रण आले ते स्मारकांच्या कायद्यांनी. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला, आणि स्वातंत्र्यानंतर त्याची जागा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ याने घेतली. या कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात पुरातत्त्वीय उत्खनन करायचे तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा अधिकारी किंवा त्या कामाचा परवानाधारकच ते करू शकतो, आणि संरक्षित नसलेल्या जागीही राज्य सरकारला केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही किंवा दुसऱ्याला करू देता येत नाही. म्हणजे शोधासाठी खणण्याचा प्रश्न जमिनीच्या मालकीहून वेगळा काढण्यात आला. शेत स्वतःचे असले तरी त्यातील प्राचीन वसाहत उकरण्याचा परवाना सातबाऱ्याच्या उताऱ्याने मिळत नाही. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रसंरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवले. पन्हाळा किल्ला केंद्रसंरक्षित असल्यामुळे पन्हाळा तालुक्यात हा नियम रोजच्या जगण्याशी जोडलेला आहे. राज्याच्या पातळीवर १९६० चा महाराष्ट्राचा स्वतंत्र स्मारक कायदा आहे. या जोडीला पुरावस्तू व कलावस्तू अधिनियम, १९७२ आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे, शिल्प किंवा धातुकाम त्यानुसार पुरावस्तू ठरते, तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

सार्वजनिक बागेच्या किंवा गावच्या मैदानाच्या बाबतीत या सर्व कायद्यांच्या आधी जमिनीच्या मालकाचा प्रश्न येतो. बाग ग्रामपंचायतीची किंवा पालिकेची असते, गायरान सरकारचे असते आणि साधी माती किंवा मुरूम काढायचा तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार गौण खनिजाची परवानगी लागते. तेव्हा कोडोलीसारख्या गावातील सार्वजनिक जागेत यंत्र घेऊन खड्डा घेणाऱ्याला निदान तीन गोष्टींचा विचार करावा लागतो: जागेच्या मालक संस्थेची संमती, ते स्थळ संरक्षित नसल्याची खातरी, आणि सापडलेल्या वस्तूची जिल्हाधिकाऱ्यांना लेखी खबर. यांपैकी पहिली संमती मिळाली म्हणजे उरलेल्या दोन गोष्टी आपोआप सुटल्या, असा समज करून घेणे चुकीचे आहे. ग्रामपंचायत पृष्ठभागाची राखण करते, पण दोन हात खाली असलेल्या थराविषयी परवानगी देण्याचा अधिकार तिच्याकडे नाही.

यंत्र आणि माती

धातुशोधक यंत्राचा जन्म धनाच्या शोधासाठी झाला नाही. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी असे उपकरण वापरून पाहिले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी तयार केलेला सुरुंगशोधक १९४२ मध्ये एल् अलामेनच्या लढाईत उपयोगी पडला, आणि युद्धानंतर ही यंत्रे हौशी लोकांच्या हाती आली. यंत्राच्या टोकाच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्यामुळे जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, आणि त्यांचा प्रतिसाद यंत्राला आवाजाच्या रूपाने ऐकू येतो. सुटे नाणे साधारणपणे वीतभर खोलीपर्यंतच नीट कळते, म्हणजे नांगराने वर्षानुवर्षे उलथलेल्या मातीपेक्षा फार खाली यंत्र पोचत नाही. पन्हाळा परिसरातील जांभा दगड आणि लोहयुक्त तांबडी माती यंत्राला वारंवार फसवते, कारण मातीतील लोहद्रव्यच आवाज देते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्राला खापर, मणी, काच, हाड, राख आणि वीट यांतले काहीच ऐकू येत नाही. ब्रह्मपुरीवरील बांगड्या आणि घरांच्या भिंती त्याला कधीच सापडल्या नसत्या.

यंत्र वाईट नाही. रणभूमीवर विखुरलेल्या गोळ्यांची नोंद करण्यासाठी पुरातत्त्वज्ञ स्वतः ते वापरतात. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने संरक्षित स्थळांवर परवानगीविना यंत्र वापरणे गुन्हा ठरवला, पण इतरत्र मालकाच्या संमतीने शोध घेऊ दिला. १९९६ च्या निधी कायद्याने चौदा दिवसांत खबर देण्याचे बंधन घातले, आणि १९९७ पासून सापडलेल्या लहानसहान वस्तूंचीही जागेसह नोंद ठेवणारी योजना चालू आहे. या योजनेत पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. तेथील अनुभवाचे सार असे, की सापडणाऱ्याला चोर न समजता नोंदकर्ता समजले तर त्याच्याकडून ठिकाणाची माहिती मिळते, आणि ठिकाण हाती असले की नाण्याला पुन्हा इतिहास प्राप्त होतो. भारतातील कायदा बंदीच्या बाबतीत स्पष्ट आहे, पण शेतकऱ्याने, गवंड्याने किंवा बाग खणणाऱ्या माळ्याने सहज सापडलेली गोष्ट निर्भयपणे कोणाला दाखवावी, याची वाट मात्र अजून गावापर्यंत पोचलेली नाही.

ही वाट किती आवश्यक आहे हे पन्हाळ्याच्या शेजारच्या पावनगडावर २०२१ च्या अखेरीस दिसले, जेव्हा फलक उभारण्यासाठी खड्डा घेताना चारशेहून अधिक तोफगोळे एकाच जागी मिळाले. एवढे गोळे एकत्र रचून ठेवले होते, म्हणजे ते किल्ल्याच्या तयारीचा भाग होते, हा निष्कर्ष त्यांच्या एकत्र असण्यातूनच निघतो. तेच गोळे एकेक करून घरोघर गेले असते तर प्रत्येक गोळा हा नुसता गोळा उरला असता.

धर्मशास्त्रातील सहावा हिस्सा, सनदेतील निधि-निक्षेप आणि १८७८ चे तीन चतुर्थांश ही सारी वाटणीची भाषा आहे, आणि वाटणी न्यायाने व्हावी यात शंका नाही. परंतु ब्रह्मपुरीने शिकवलेली गोष्ट या वाटणीच्या पलीकडची आहे. धातूचे तुकडे वाटून घेता येतात. थर मात्र वाटून घेता येत नाही, तो एकदा उकरला की कोणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून खणण्याच्या परवानगीकडे सरकारी अडवणूक म्हणून पाहण्याऐवजी त्या न वाटता येणाऱ्या भागाची राखण म्हणून पाहणे योग्य आहे, आणि त्या बदल्यात शासनानेही सापडणाऱ्याचा हिस्सा वेळेवर आणि सन्मानाने देणे तितकेच आवश्यक आहे. कोडोलीच्या शिवारात उद्या कोणाच्या कुदळीला मडक्याचा कंठ लागला, तर ते न हलवता त्यावर पोते झाकून तलाठ्याला आणि कोल्हापूरच्या संग्रहालयाला कळवणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. टाउन हॉलच्या बागेत शिरून संग्रहालयातल्या वीतभर पोसायडनसमोर उभे राहिले, की मूर्ती ब्राँझची आहे आणि समुद्रापलीकडून आली एवढे डोळ्यांना कळते. ती कोल्हापुरात केव्हा आली हे सांगण्यासाठी ब्रह्मपुरीची राख, विटा आणि शिशाची ती कमी मोलाची नाणीच साक्षीला उभी राहिली.